रुळांतल्या चार फटी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. दूधवाला माप भरताना मी त्याच्या अंगठ्याकडे बघते. फोनवर कुणी फार गोड बोलायला लागलं की फोन ठेवून देते. सुना म्हणतात, आई, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं. त्यांना माहीत नाही की लहानपणी धारला मला सगळे दरोगाबाई म्हणूनच हाक मारत. हे नाव मामानं ठेवलं होतं. घरातली एखादी वस्तू दिसेनाशी झाली की मी एकेकाला समोर बसवून चौकशी करायची, आणि बहुतेक वेळा वस्तू सापडायचीही, त्यामुळे माझा भाव चांगलाच वाढलेला होता. तो ज्या वर्षी उतरला, त्या वर्षाची ही हकिगत. मी तेव्हा आठवीत होते.

आम्ही देवासला राहायचो. वडील तिथे शाळेत मास्तर होते. आईचं माहेर धारचं. दर भाद्रपदात वडिलांना डबेवाल्या बाईंच्या हवाली करून आई आणि मी बसनं इंदूरवरून धारला जायचो आणि गणपतीपासून महालक्ष्म्यांचं विसर्जन होईपर्यंत तिथेच राहायचो. महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात त्यांना आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणतात. माहेरचं घर तीन खोल्यांचं, पुढे ओटा, मागे तुळस. घरात माणसं दोनच, काकू आणि मामा. काकू म्हणजे आईची आणि मामाची चुलती. आजी-आजोबा लवकर गेले, तेव्हा काकूंनीच दोघांना वाढवलं, म्हणून मीसुद्धा त्यांना काकूच म्हणायची. स्वतःला मूलबाळ नाही, नवरा तरुणपणीच गेलेला, पण घर त्यांच्या शब्दावर चालायचं. आपला कुणी पूर्वज धारच्या दरबारात दप्तर सांभाळायला होता, याची आठवण त्या दिवसातून एकदा तरी करून द्यायच्या, बहुतेक भाजी निवडताना.

मामा वीज खात्यात लाइनमन होता. दिवसभर खांबावर तारांशी झटापट करून आला की संध्याकाळी घरी पुन्हा तारा घेऊनच बसायचा. गणपतीपुढे कुणी डोंगर करतं, कुणी कारंजं करतं, मामा रेल्वे करायचा. देवासला रेल्वे आहे, इंदूरला आहे, धारला तेव्हा नव्हती. आता येणार, आता येणार हे मी इतकी वर्षं ऐकत आले आहे की धारच्या फलाटावर उतरून स्वतः चहा पिईन तेव्हाच विश्वास ठेवीन. मामाला मात्र तेवढा धीर नव्हता. "सरकारची येईल तेव्हा येईल, भिया, अपनी तो चालू करो," असं म्हणून त्यानं खोक्यांच्या फळ्या जोडून त्यांवर पितळी पट्ट्यांचे रूळ ठोकले होते. इंजिन आणि तीन डबे इंदूरच्या जुन्या बाजारातून आणलेले, विलायती. पुठ्ठ्याची दोन स्टेशनं होती, एकावर 'देवास' आणि एकावर 'धार' लिहिलेलं. देवास स्टेशन खास माझ्यासाठी आहे असं तो सांगायचा. सगळी गल्ली गाडी बघायला लोटायची. काकू सगळ्यांच्या हातावर मोदक ठेवायच्या, आणि भाद्रपदात भुट्टे भरपूर, म्हणून मोठ्या कढईत भुट्ट्याचा कीस केलेला असायचा. दुधात शिजणाऱ्या त्या किसाचा वास आणि ट्रान्सफॉर्मरच्या डबीची गुणगुण, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात अजून एकत्रच आहेत.

मामानं मला विजेचं जे शिकवलं ते कागदावर नाही, फळीखाली उताणं निजवून शिकवलं. पहिला धडा, भिंतीतल्या विजेला हात लावायचा नाही. ती वीज डबीत शिरते आणि बारा व्होल्ट होऊन बाहेर पडते, मग ती माणसाला काही करत नाही. पुढे ती एकाच दिशेनं वाहावी म्हणून चार डायोड जोडलेले. तिथून लाल तार एका रुळाला आणि काळी दुसऱ्या रुळाला. इंजिनाची एका बाजूची चाकं लाल रुळावरून वीज उचलतात, ती मोटर फिरवते आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांमधून काळ्या रुळाला परत जाते. दोन तारांची अदलाबदल केली की गाडी उलटी धावते. "बस, इतना ही खेल है," मामा म्हणायचा. "लाल आणि काळी, मोटरमधून भेटल्या तर गाडी चालते. सीधी भेटल्या तर तार जळते." तार जळू नये म्हणून त्यानं लाल तारेत मध्येच स्कूटरच्या हेडलाइटचा बल्ब बसवला होता. गाडी नीट चालली की बल्ब नुसता मिणमिणायचा. कुठे लाल आणि काळी सरळ भिडल्या की तो लखकन पेटायचा आणि गाडी जागच्या जागी थांबायची. बल्ब पेटला म्हणजे कुठेतरी गडबड आहे, हे इतकं साफ सांगणारं घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि मला तो बल्ब फार आवडायचा.

त्या वर्षी मामाचं लग्न झालं होतं. नव्या मामी धरमपुरीच्या, नर्मदेकाठी वाढलेल्या. वडिलांचं कपडे शिवायचं दुकान. घर मराठी, पण बोलता बोलता हिंदीत शिरायच्या आणि मग जीभ चावायच्या. काकूंना हे लग्न मनापासून पसंत नव्हतं. दप्तर सांभाळणाऱ्या पूर्वजाची आठवण त्या वर्षी दिवसातून तीन-चारदा निघायची. आमच्या घरात महालक्ष्म्यांचे मुखवटे तुळशीपासून आत आणायचा मान घरच्या सुनेचा. आजी गेल्यापासून घरात सवाष्ण सूनच नव्हती, म्हणून इतकी वर्षं लेक असूनही तो मान आईकडे होता. त्या वर्षी तो पहिल्यांदा मामींकडे जायचा होता. त्या दिवशी नेसायला आईनंच मामींसाठी देवासहून हिरवी साडी आणली होती, आणि मामींनी ती दिवसातून दोनदा पेटीतून काढून बघितलेली मी पाहिली होती. पाळत ठेवायची मला सवयच होती.

लग्नाच्या उत्साहात मामानं गाडीचाही नवा बेत केला होता. दरवर्षी रूळ साधे गोल असायचे. या वेळी गाडी देवासहून सुटणार, धारला येणार, गणपतीला उजवं घालून प्रदक्षिणा करणार आणि आल्या रुळावरून परत देवासला जाणार. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी त्यानं सगळ्यांना बसवून हे समजावलं. मी सगळ्यांत पुढे, मामी दाराशी, काकू जपाची माळ घेऊन पाटावर, आणि आई कोपऱ्यात ताट घेऊन अक्षतांसाठी तांदूळ निवडत होती. तुटका दाणा वेगळा काढायचा, कारण देवापुढे खंडित काही चालत नाही. चिरलेली पणती नको, तडकलेली मूर्ती नको, फाटकं पान नको. मामानं हातात दोन दोरे धरले, लाल आणि काळा, आणि ते शेजारी शेजारी नेत गोल वळवून परत आणले. वळून आल्यावर लाल काळ्याच्या जागी आला. "बघा, इथे भिडले. म्हणून इथे, इथे, इथे आणि इथे, चार जागी रूळ कापलाय." गोलाच्या दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत, नखाएवढ्या चार फटी होत्या. गोलाला वीज वेगळ्या तारांनी दिलेली. गाडी गोलात असेपर्यंत मामा बाहेरच्या रुळाची लाल-काळी बटणानं उलटवायचा आणि सांधा बदलायचा, की गाडी जराही न अडखळता बाहेर पडायची. त्या संध्याकाळी ती चार-पाच वेळा गेली आणि आली. मामींनी टाळ्या वाजवल्या, मग काकूंकडे बघून हात पदराखाली घेतले.

माझ्या पुतण्याच्या मुलाकडे आता अशीच गाडी आहे, मोबाइलवरून चालते. वळसा आला की एक छोटी डबी आपोआप लाल-काळी उलटवते. मी त्याला विचारलं, रुळात फटी आहेत का? तो म्हणाला, आहेत, त्या लागतातच. मला का कोण जाणे बरं वाटलं.

चतुर्थीला सकाळी लवकरच मामाच्या खात्यातला माणूस बोलावायला आला. पावसानं मांडूच्या रस्त्यावरचे खांब आडवे झाले होते. "दो-तीन दिन लगेंगे," तो म्हणाला. मामानं मुकाट्यानं पट्टा बांधला, मला म्हणाला, "दरोगाबाई, गाडी तुझ्या हवाली," आणि गेला. गणपती गुरुजींनी बसवला. आरती झाली, गल्ली जमली, पोरं पुढे बसली. मी बटण दाबलं आणि बल्ब लखकन पेटला. इंजिन हललं नाही. मी बटण बंद करून पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. अर्धा तास मी खाली-वर करत होते. लोक कीस खाऊन गेले. जाता जाता एक पोरगा म्हणाला, "गाडी तो फेल हो गई," आणि माझे कान लाल झाले.

मग माझी चौकशी सुरू झाली. आदल्या संध्याकाळी गाडी चालत होती, दुपारी बंद. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी काहीतरी केलं. उंदीर असता तर तारा कुरतडलेल्या दिसल्या असत्या. पोरं पूजेच्या आधी आत आलीच नव्हती. आणि मग मला आठवलं. सकाळी मी दूर्वा घेऊन आत आले तेव्हा मामी रुळांपाशी गुडघे टेकून बसल्या होत्या, डोक्यातला आकडा काढून त्यानं रुळात काहीतरी टोकरत होत्या. मला बघून दचकल्या, आकडा केसांत खोचला आणि स्वयंपाकघरात गेल्या. माझ्या अंगावर शहारा आला, दुःखाचा नव्हे, आनंदाचा. गुन्हेगार सापडला होता. संध्याकाळी सगळ्या जणी जेवणाची भांडी आवरत होत्या, तेव्हा मी तिथेच विचारलं.

"मामी, सकाळी रुळांत आकडा घालून काय करत होता तुम्ही?"

मामींच्या हातातली वाटी खाली ठेवली गेली. "काही नाही गं, नंदा. बस, देख रही... बघत होते."

"बघायला आकडा कशाला लागतो?"

त्यांनी आईकडे पाहिलं. मला वाटलं, आई मऊ स्वभावाची म्हणून तिच्याकडे आधार मागताहेत. आई खाली मान घालून पातेलं पुसत होती.

"मी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं," काकू म्हणाल्या. "पण नवीन पाऊल घरात आलं आणि इतक्या वर्षांची चालती गाडी देवापुढे बंद पडली. पोरीनं डोळ्यांनी पाहिलंय, आता माझ्या बोलण्याची गरज उरली नाही. सुधा, महालक्ष्म्या यंदाही तूच आण. त्यांच्या बाबतीत मला विषाची परीक्षा नको."

"तुम्ही म्हणाल तसं, काकू," आई म्हणाली.

मामी उठून मागच्या दारी गेल्या. मला थोडं कसंसं झालं, पण फार नाही. मी बरोबर होते ना.

दुसऱ्या दिवशी मी मामानं शिकवल्याप्रमाणे दोष शोधायला बसले. शिक्षा झाली होती, आता पुरावा हवा होता. सगळं एकदम बघायचं नाही, तुकडे पाडून बघायचं. प्रदक्षिणेच्या गोलाच्या मधल्या दोन पट्ट्या उचकटून बाजूला ठेवल्या आणि बटण दाबलं. बल्ब गप्प, गाडी देवास स्टेशनात मजेत पुढे-मागे. पट्ट्या परत बसवल्या आणि बल्ब लखकन पेटला. म्हणजे गडबड गोलात होती. मी टॉर्च घेऊन फटींवर पालथी पडले, तर फटी दिसेचनात. चारही जागी चंदेरी कागदाची घट्ट घडी बसवलेली, वरून अंगठ्यानं दाबून अशी एकसारखी केलेली की रूळ अखंड वाटावा. चंदेरी कागदातून वीज जाते, त्यामुळे लाल आणि काळी सरळ भेटत होत्या. एका फटीतली घडी मात्र कडेनं फाटलेली होती आणि पितळेवर आकड्याचे ओरखडे होते. तिथला अर्धा कागद उपसून वर आला होता. आकडा कागद घालायला नव्हता, काढायला होता.

कागद कुणाचा हे मला वेगळं विचारावं लागलं नाही. चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद आमच्या घरी टाकत नसत. आई तो पोथीत ठेवायची, कापूर गुंडाळायला. चमच्याच्या पाठीनं घासून तो सपाट करायचं काम माझं होतं. माझ्या चमच्याच्या रेघा मला ओळखू आल्या.

आई मागे तुळशीपाशी रांगोळीची जागा सारवत होती. मी मूठ उघडून तिच्यापुढे धरली. तिनं पाहिलं आणि सारवत राहिली.

"रूळ तुटका होता गं," ती म्हणाली. "देवापुढे खंडित कसं ठेवायचं? चार ठिकाणी चिरलेलं. माझ्या मनाला बरं वाटेना, म्हणून बुजवलं."

"मग काकूंना सांग. मामी बिचाऱ्या काढत होत्या तो कागद. त्यांनी तुला घालताना पाहिलं असणार."

"आता सांगून काय होणार आहे? एक दिवसाचा प्रश्न आहे. तिचं काय, पुढच्या वर्षीपासून जन्मभर तीच आणणार आहे."

"पण आई—"

"नंदा, तू तोंड उघडलंस, तिथेच हे झालं. आता मिटून बस."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मी कागद काढले, गाडी चालू झाली, काकू म्हणाल्या, गुणाची गं पोर. मला जेवण गेलं नाही. ज्या माणसावर मी आयुष्यात कधी संशय घेतला नव्हता ते माणूस समोर बसून मला पोळी वाढत होतं. आणि डोक्यात एक किडा शिरला होता तो निघेना. मामा दोरे धरून समजावत होता तेव्हा आई त्याच खोलीत होती. तिनं ऐकलं होतं की नव्हतं? तिच्या ताटातला तांदूळ निवडायचा आवाज मामा बोलत असताना चालू होता की थांबला होता? हे मी नंतर इतक्या वेळा आठवून पाहिलं आहे की आता त्यात खरं किती आणि मी घातलेलं किती ते मलाच सांगता येत नाही. आई जाऊनही बरीच वर्षं झाली. तिला विचारायचं धाडस मला झालं नाही.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या आल्या. शेजारच्या बायका दारात जमल्या होत्या. आई नऊवारी नेसून तुळशीपाशी उभी, ताटात दोन पितळी मुखवटे, त्यांच्यावर खण. मामी साध्या साडीत दाराशी, हातात दुधाचा आणि पाण्याचा लोटा. आणणारीच्या पायांवर दूध-पाणी घालायचं काम त्यांना दिलं होतं. ती हिरवी साडी पेटीतच होती. मी ताम्हण वाजवायला उभी होते. मामींची मान खाली होती, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी लोट्यात पडू नये म्हणून त्या लोटा अंगापासून लांब धरून उभ्या आहेत हे माझ्या लक्षात आलं. माझ्यानं राहवलं नाही.

"काकू, फटींत कागद मी घातला होता," मी म्हणाले. "खंडित दिसत होतं म्हणून. मामी तो काढत होत्या. मी त्यांच्यावर खोटं ढकललं."

काकू सावकाश माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझ्या गालावर एक ठेवून दिली. पण बाई न्यायाच्या पक्क्या. लगेच वळून म्हणाल्या, "सुधा, ताट सूनबाईच्या हातात दे. सूनबाई, जा, साडी बदलून ये. देवी थांबेल तेवढी."

मामी माझ्याकडे बघत नव्हत्या, आईकडे बघत होत्या. मग आत जाऊन हिरवी साडी नेसून आल्या. आईनं ताट दिलं आणि लोटा घेतला.

उंबऱ्याशी आईनं मामींच्या पायांवर दूध घातलं, पाणी घातलं, कुंकू लावलं. मग ती खाली बसली आणि पदरानं त्यांचे पाय पुसायला लागली. पाय पुसायची रीत नाही. ओल्या कुंकवाच्या पावलांनी आत यायचं असतं, ठसे उमटायला हवेत. काकू म्हणाल्या, "सुधा, अगं पुसतेस काय?" आई पुसतच राहिली, टाचा, घोटे, बोटांच्या मधल्या जागा, आणि तिचा पदर कुंकवानं लाल झाला. भाबडेपणानं चूक केलेलं माणूस कपाळावर हात मारून म्हणतं, अगं बाई, मीच गं ती, आणि हसतं. इतका वेळ कुणाचे पाय पुसत बसत नाही. आईनं ते भाबडेपणानं केलं नव्हतं हे मला तिथेच कळलं आणि मला आईची भयंकर कीव आली.

"वन्सं, उठा ना," मामी हळूच म्हणाल्या. "लोग देख रहे हैं."

आईच्या मागून कुणीतरी नवं कुंकू आणलं. मामींनी स्वतःच ते पायांना लावून घेतलं आणि म्हणाल्या, "महालक्ष्म्या आल्या."

आता आतल्या बाईनं विचारायचं असतं, कशाच्या पावलांनी आल्या? ते आईचं काम होतं. आई उंबऱ्याशी बसलेलीच होती, लाल पदर मुठीत धरून. मी ताम्हण खाली ठेवलं आणि विचारलं, "कशाच्या पावलांनी आल्या?"

"सोन्याच्या पावलांनी आल्या," मामी म्हणाल्या. ताट एका हातावर सावरून दुसऱ्या हातानं त्यांनी आईला उठवलं, आणि तिला बरोबर घेऊनच त्या आत आल्या.